राब भाजायचा राहिला होता

आये,

माझी धाकटी नणंद आठवडाभर आमच्याकडे वाशिंदला येऊन राहिली आहे. तुला ती आठवत असेल. माझ्या लग्नात करवली म्हणून मिरवत होती आणि तुझ्या हातचे वडे मागून मागून खात होती. तिला पुढे मुरबाडच्या वरच्या अंगाला, डोंगराकडच्या गावात दिली. गेल्या महिन्यात तिच्या छातीचं ऑपरेशन झालं. तुझ्या ज्या बाजूचं झालं होतं, त्याच बाजूचं. उद्या, सोमवारी, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तिचा केमोचा पहिला डोस आहे. वाशिंदहून जायला बरं पडतं म्हणून तिला माझ्याकडे आणून सोडली, असं सगळे म्हणतात. पण खरं कारण मला ठाऊक आहे. मी हे सगळं तुझ्याबरोबर एकदा पाहिलंय, म्हणून सासरची माणसं मला यातली जाणकार समजतात. "वैनीच्या आयेला पन झालं व्हतं, वैनी बघंल," असं म्हणून तिच्या नवऱ्याने पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि चहाही न घेता निघून गेला. जसं काही मी कुठली परीक्षा पास होऊन बसले आहे.

ती पहिले दोन-तीन दिवस बरी होती. माझ्याशी बोलायची, भाजी निवडून द्यायची. मग गुरुवारी बाबा आले. बाबा आता थकले आहेत, कानाने कमी ऐकतात, पण कोणाचं दुखणंखुपणं कळलं की गावाहून एसटी धरून निघतातच. येताना वालाच्या शेंगा घेऊन आले. तिच्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसले आणि मोठ्या मायेनं तिला सांगू लागले. काय सांगितलं असेल ते तुला सांगायला नको. "पोरी, तू भिऊ नको. राब भाजतो ना आपण, तसंच हाय ते. आदी भाजायचं, तन मरून जातं, मंग रोप कसं जोमानं येतं. आमच्या हिला मी असंच समजावलं व्हतं." नणंद मान डोलावून ऐकत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात शेंगा सोलत उभी होते आणि सोललेले दाणे सालींच्या ढिगात टाकत गेले. त्या दुपारपासून ती भिंतीकडे तोंड करून निजली आहे. जेवण पुढे ठेवलं की "भूक नाय" म्हणते. काल सकाळी मला म्हणाली, "वैनी, सोमवारी मी येत नाय. त्यांना कळवून टाका." बाबा तिथेच होते, पण त्यांना ऐकू आलं नसावं असं मी धरून चालले.

माझ्या मुलाने मला विचारलं, राब म्हणजे काय. तो वाशिंदला वाढलेला, त्याच्या खिडकीतून कारखान्याचं धुराडं दिसतं. मी त्याला सांगितलं, भाताचं रोप टाकायची जी जागा असते, तिच्यावर उन्हाळ्यात शेण पसरतात, त्यावर झाडांच्या तोडलेल्या टहाळ्या, त्यावर गवत-पाला, आणि सगळ्यात वर चाळलेल्या मातीचा हात देतात, म्हणजे आग भडकत नाही, दबून दबून जळते. तणाचं बी जळून जातं, राखेनं जमीन सुधारते, आणि पावसात त्या जागेवर रोप उगवतं. मग ते रोप उपटून दुसऱ्या खाचरात लावतात. सांगता सांगता मी थांबले. तो म्हणाला, मग पुढे? मी म्हटलं, पुढे काही नाही, भात होतो.

तुझ्या दुखण्याच्या वर्षीच्या टहाळ्या तू स्वतः तोडल्या होत्यास. पौषातली थंडी होती. कोयता कमरेला अडकवून तू ऐनाच्या झाडावर चढलीस आणि मी खाली उभी राहून फांद्या गोळा करत होते. मधेच तू फांदीवर थांबलीस आणि डाव्या काखेखाली हात दाबून धरलास. मी विचारलं तर म्हणालीस, चिमट बसली. तेव्हा तुला गाठ सापडून किती दिवस झाले होते ते तू कधीच कोणाला सांगितलं नाहीस. राब रचून झाला, होळी तोंडावर आली, तेव्हा कुठे तू बाबांना बोललीस, तेही असं की जणू घरातलं कुठलं भांडं फुटलं आहे. मग शहापूरचा डॉक्टर, मग मुंबई, मग ऑपरेशन. तू परत आलीस तेव्हा पदर दोनदा गुंडाळून घेतला होतास आणि आंघोळीला मोरीच्या दाराला आतून पाट लावू लागली होतीस. आपल्या मोरीला कडी नव्हती. इतकी वर्षं कोणाला लागलीही नव्हती.

टाके सुकले की डोस सुरू करायचे, असं ठरलं होतं. त्याचं सांगायला ज्या दिवशी बोलावलं त्या दिवशी मीही बरोबर होते. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, पण त्यांनी बाबांना बाजूला घेतलं आणि त्यांनाच सगळं सांगितलं. त्या काळी असंच होतं, दुखणं बाईचं आणि बोलणं पुरुषाशी. तू बाकावर कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होतीस आणि दुरून त्यांच्या तोंडाकडे पाहत होतीस. परत येताना शहापूरच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो, तिथे त्यांनी तुला लिंबाचं सरबत आणून दिलं आणि मग तो राबाचा दाखला दिला. मी त्यांचा चेहरा पाहिला. सगळ्या वाटेत ते हेच शोधत आले होते, तुला समजेल आणि तू घाबरणार नाहीस असं काहीतरी. सापडल्यावर त्यांना किती हलकं वाटलं असेल. तू म्हणालीस, "बरं." सरबत अर्धंच प्यायलीस आणि उरलेलं मला दिलंस.

मग बाबा ते सगळ्यांना सांगू लागले. भेटायला येणारी माणसं तर कमी नव्हतीच. प्रत्येकजण एक बिस्किटाचा पुडा आणि एक मेलेलं माणूस घेऊन यायचा. कोणाची आत्या, कोणाची सासू, हेच दुखणं, हीच बाजू. आटगावची मावशी म्हणाली, ऑपरेशन झालं ना, आता हत्ती गेला शेपूट राहिलं. मग बाबा पुढे सरून राबाचं सांगायचे, आणि सगळे माना हलवायचे, कारण राब सगळ्यांना कळतो. तू उंबऱ्याजवळ बसून ऐकायचीस. एकच गोष्ट तू किती वेळा ऐकलीस, आये. आणि आमच्यातल्या एकालाही हे सुचलं नाही की गावात राब भाजण्यातलं सगळ्यात जास्त तुलाच कळत होतं. वारा कुठून आहे ते पाहून त्याच्या उलट टोकाला आग लावायची, ती तूच लावायचीस. बाबा कारखान्यात पाळीला जाणारे, त्यांच्या हातून एकदा राब भडकला होता आणि शेजाऱ्याचा पेंढा जळता जळता राहिला, तेव्हापासून ते काम तुझ्याकडेच होतं.

तुझं वागणं बदललं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं आणि प्रत्येकाने आपापला अर्थ लावला. तू चुलीपुढे बसेनाशी झालीस. आम्हाला वाटलं, हात दुखतो. हात सुजत होताच. तू रात्रीची निजेनाशी झालीस, काकी म्हणाली, औषधांची उष्णता आहे. तू मला धरून बसवलंस आणि कुठल्या मडक्यात कुठलं बियाणं आहे, कुठलं आधी पेरायचं, सगळं सांगू लागलीस. आणि मग माझ्या लग्नाचं काढलंस. सापगावच्या एका बाईला बोलावून तिला तू सांगितलंस की पोरीसाठी बघा, ह्याच वैशाखात झालं तरी चालंल. मी बारावी पास झालेली, शहापूरला टायपिंगचा क्लास लावलेला. मला इतका राग आला की मी दोन दिवस तुझ्याशी नीट बोलले नाही. मी म्हटलं, एवढी जड झाले का तुला? तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "रोप राबात ठेवून चालत नाय. पिवलं पडतं." मला वाटलं, म्हातारीसारखी म्हण टाकते आहे. तू तेव्हा चाळीशीचीही नव्हतीस.

चैत्र संपत आला. आजूबाजूचे राब भाजून होऊ लागले, सकाळ-संध्याकाळ सगळ्या माळावर धूर पसरलेला असायचा. बाबांनी सुट्टी घेतली आणि सकाळी वारा पडलेला असताना पेटती चूड घेऊन निघाले. तुला त्रास नको म्हणून या वर्षी तेच लावणार होते. पाहतात तर तू आधीच तिथे जाऊन राबाच्या मधोमध बसलेली. बाबा म्हणाले, ऊठ. तू म्हणालीस, "आज नको." बाबांनी चूड मातीत विझवली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तू भांडत नव्हतीस, रडत नव्हतीस. नुसती जाऊन बसायचीस, ऊन डोक्यावर येईपर्यंत. बांधावर माणसं जमू लागली. कोणी म्हणालं डोक्यावर परिणाम झाला, कोणी म्हणालं बाहेरचं आहे. काकीने भगताकडे जाऊन नारळ ठेवला. आजोबा अंगणात बसून मोठ्याने म्हणायचे, राब नाय भाजला तर खायाचं काय वरसभर. आणि डोसची तारीख जवळ येत होती. बाबा मला गोठ्याच्या मागे घेऊन गेले आणि म्हणाले, "तू बघ. मला कायबी सांगत नाय ती." त्यांचे डोळे लाल झाले होते, आणि त्यांना कोणावर चिडावं तेही कळत नव्हतं.

मी आले. तू बसली आहेस. खाली सुकलेल्या टहाळ्या कुरकुरतात, शेणाचा वास येतो आहे, आणि तुझ्या उजव्या हाताच्या बोटांत एक सुकं पान आहे, त्याचा तू चुरा करते आहेस. मी तुझ्याजवळ बसते. एक सरडा टहाळ्यांतून वर येतो, आपल्याकडे बघतो आणि परत आत जातो. तेव्हा तू बोलतेस.

"ह्यात काय काय असतं तुला म्हाईत हाय? किडं असतात, मुंग्या असतात, सरड्याची अंडी असतात. तुझा बा म्हनतो तन मरतं. तन एकलंच मरतं का गो? मी इतकी वरसं भाजलाय राब. मी बघितलंय मागं काय ऱ्हातं ते."

मी काहीतरी म्हणायला जाते, तू माझं मनगट धरतेस.

"ती दवा माझ्या आत जाऊन जाळनार. वाईट हाय ते जळंल, जळू दे. पर मीबी तिथंच हाय ना आत. मी कुठं जाऊ?"

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. मला त्या क्षणी सगळं कळलं असं मी म्हणणार नाही, पण एवढं कळलं की तुला वेड लागलेलं नाही. तुला कोणी खोटं सांगितलं नव्हतं, आणि तू चुकीचंही समजली नव्हतीस. बाबांनी तुला राबाचं रोप दाखवलं आणि तू राबाची जमीन पाहिलीस. रोप दुसरीकडे जातं, लावणीला, म्हणून तू माझं लग्न घाईघाईने करायला निघाली होतीस. मागे जी काळी जागा राहते ती तू स्वतःला समजत होतीस. आणि हे सगळं मनात घेऊन तू दिवसचे दिवस उंबऱ्याजवळ बसून बिस्किटांचे पुडे घेत होतीस. मग तू म्हणालीस, "हे कोनाला सांगू नको. तुझ्या बाला तर मुळीच नको. त्यानं मला धीर द्याया सांगितलं. त्याला वाटंल त्याच्यामुळंच झालं." मी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तूच उठलीस, वारा पाहिलास आणि राब लावलास. कशामुळे, ते मला आजही नीट सांगता येत नाही. लोक म्हणाले नारळ लागू पडला. राब दिवसभर दबून दबून जळत राहिला आणि तू बांधावर बसून राहिलीस, धुराकडे तोंड करून. त्याच्या दुसऱ्या दिवशी तू मला घेऊन तिथे गेलीस, वाकलीस, आणि बऱ्या हाताने राख बाजूला करून खालची माती उकरलीस. बोटभर खोल गेल्यावर हात तसाच ठेवलास. म्हणालीस, "गार हाय खाली." मला इतकं बरं वाटलं की मी हसलेच. तू हात काढून पदराला पुसलास आणि म्हणालीस, "पर मी काय जमीन नाय." मग घरी येऊन तू लुगड्याची घडी काढलीस आणि डोसला जायच्या दिवशी काय नेसायचं ते बाजूला ठेवलंस. पहिल्या डोसला तू गेलीस तेव्हा तुझे हात इतके थरथरत होते की नर्सला शीर सापडेना. बाबा बाहेर उभे होते. आत मी होते, म्हणून मला माहीत.

पुढचं तुला माहीत आहे. केस गेले, तोंड आलं, मग केस परत आले, बारीक आणि कुरळे, आणि तुला त्यांचं हसू यायचं. माझं लग्न तू वर्षभर पुढे ढकललंस आणि त्यात जागेवर बसून वडे तळलेस. भाताच्या दोन लावण्या पाहिल्यास. तिसरी पाहिली नाहीस. तू गेल्यावर बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, मी तिला बरोबर समजावलं होतं म्हणून ती हिमतीने गेली. आणि मीही गप्प राहिले. पुढे कोणाच्या घरी हे दुखणं निघालं की मला बोलवायचे, मी जाऊन सांगायचे, माझी आये अजिबात भ्यायली नव्हती. ते ऐकून एकाही बाईला बरं वाटलेलं मी पाहिलं नाही. त्या माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी त्यांच्या हातातलं काहीतरी काढून घेतलं.

आज दुपारी जेवणं झाल्यावर मी नणंदेच्या खाटेवर जाऊन बसले आणि तिला सगळं सांगितलं. तू राबात बसलीस ते, सरड्याचं, आत मी पण आहे ना म्हणालीस ते. शब्द मोडला. ती भिंतीकडे तोंड करूनच ऐकत होती. मग कूस बदलून माझ्याकडे पाहून विचारलं, "मंग डोस घेतला का त्यांनी?" मी म्हटलं, घेतला. "भ्याव गेलं व्हतं?" मी म्हटलं, नाही. ती उठून बसली. तिचे केस मोकळे होते, ते तिने दोन्ही हातांनी मागे घेतले आणि रडली, मोठ्याने, लहान पोरासारखी. आल्यापासून पहिल्यांदाच रडली. मग म्हणाली, "मला वाटलं व्हतं मीच येकटी अशी हाय." डोळे पुसून थोड्या वेळाने म्हणाली की उद्या येईन, पण माझा हात सोडू नका. मी भात गरम करायला उठले तर दारात बाबा उभे होते. कधीपासून उभे होते देव जाणे. कानाने कमी ऐकणारा माणूस दारात उगीच उभा राहत नाही.

मी त्यांना हाताला धरून बाहेरच्या खोलीत आणलं, पाणी दिलं. त्यांनी पाणी खाली ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला ठावं व्हतं. ती राबात जाऊन बसली तवाच कळलं. पर दुसरं काय सांगू? मला तेवढंच येत व्हतं." आणि मग, "हिलाबी तेच सांगितलं मी. अजून तेवढंच येतं." म्हणजे आये, तू त्यांच्यापासून लपवलंस, त्यांनी तुझ्यापासून लपवलं, आणि तुम्ही दोघं त्या एका घरात आपापली भीती घेऊन एकमेकांना जपत राहिलात. मला तुम्हा दोघांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की मी उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं.

आता ती जेवून निजली आहे, बाबा गॅलरीत बसले आहेत. हे पत्र पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही, तरी लिहिलं, कारण तुझी गोष्ट तुला न विचारता दिली ते तुला कळवायला हवं होतं. आणि एक आहे. गावात अजून म्हणतात, पोर शहाणी, आयेला धीर द्यायला राबात जाऊन बसली. तसं नव्हतं. बांधावरून तुला तशी बसलेली पाहिली आणि माझ्या पायांतलं बळच गेलं. मी तुझ्यापर्यंत कशीबशी आले. मला उभं राहता येईना, म्हणून मी बसले.